मोहाचा धूर आणि डावा पाय

मार्च अर्धा उलटला की आईचा फोन येतो आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला ती सांगते, "मोह पडून राह्यला इकडे." ती आनंदानं सांगते. आमच्या नागभीडकडच्या कुठल्याही बाईला मोहफुलं पडायला लागल्याचा आनंदच होतो. मला मात्र आधी चीड येते, आणि मग चीड आली म्हणून स्वतःचीच लाज वाटते. मी आता मोठ्या शहरात राहते, मोठ्या विमानात सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसते, घराच्या खिडकीबाहेर मोहाचं एक झाड नाही. तरी फोन ठेवला की घशात तो धूर खवखवतो आणि डाव्या पायाची पोटरी आपोआप ताठ होते.

मोहाच्या वासावर लोक किती हळवं बोलतात! गोड, आंबूस, नशा आणणारा वगैरे. असेल. मला त्या वासाबरोबर तापलेलं डांबर आठवतं, विमानाच्या पेट्रोलचा वास आठवतो, आणि "अगं डावा, डावा, डावा!" असं कानात ओरडणारे सबनीस सर आठवतात.

ते वर्ष एका इंजिनावरून दोन इंजिनांवर जायचं होतं. चंद्रपूरजवळच्या एका धावपट्टीवर मी विमान शिकत होते. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि लांब वीज केंद्राच्या चिमण्या. एका इंजिनाच्या छोट्या विमानावरचे माझे तास जवळपास पुरे झाले होते. उरली होती शेवटची पायरी, दोन इंजिनांचं विमान. आमच्याकडे ते एकच होतं आणि सगळे त्याला 'जोडी' म्हणायचे. जोडी निघाली, जोडी बसली, जोडीच्या उजव्याला खोकला झालाय, अशी भाषा. त्या जोडीवर काही तास उडायचं आणि मग बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर चाचणी द्यायची, एवढंच काम होतं.

एवढंच म्हणायला. माझ्या लेखी परीक्षांच्या निकालांना मुदत होती आणि ती एप्रिल लागल्यावर थोड्याच दिवसांत संपत होती. त्याआधी जोडीवरची चाचणी झाली नाही, तर सगळे पेपर पहिल्यापासून. त्यातला एक पेपर मी तिसऱ्या खेपेला कसाबसा काढला होता. तो पुन्हा द्यायची वेळ आली तर मी देणार नाही, सरळ घरी जाऊन डी.एड.चा फॉर्म भरीन, हे मी मनाशी ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं तो फॉर्म एकदा आणूनही ठेवला होता. तिचा हेतू वाईट नव्हता, पण कपाटात घडी घालून ठेवलेला तो कागद मला घरी गेल्यावर दर वेळी दिसायचा.

घरच्यांना माझी काळजी कळायचीच नाही. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट भरवसा, असं सगळ्या जगाचं पक्कं मत आहे. आई म्हणायची, "एक बंद पडलं तं दुसरं हायेच ना वं? मंग कायले भेतेस?" शेजारची काकू म्हणायची. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस म्हणायचा. मी सुरुवातीला समजावून सांगायची. एका इंजिनाच्या विमानात इंजिन गेलं की काम सोपं असतं, नाक खाली करायचं, एखादी कोरडी बांधी शोधायची आणि उतरायचं. दोन इंजिनांत एक गेलं की दुसरं पूर्ण ताकदीनं ओढतच असतं, पण एकाच बाजूनं. विमानाचं नाक मेलेल्या इंजिनाकडे गर्रकन वळतं. तुम्ही झोपलेले असाल तर ते चालतं इंजिनच तुम्हाला उलटं करून जमिनीत घालतं. हे सगळं ऐकून आई म्हणायची, "मंग एकच इंजनाचं चालव ना, बाई."

नाक वळलं तर ते पायानं सरळ करायचं असतं. वैमानिकाच्या दोन्ही पायांखाली दोन पायट्या असतात, त्या शेपटीला जोडलेल्या. उजवं इंजिन मेलं तर नाक उजवीकडे जातं, म्हणून डावा पाय जोरात दाबायचा. डावं मेलं तर उजवा. जो पाय रिकामा राहिला, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. सबनीस सरांनी हे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं आणि म्हणाले, "पहिलीतल्या मुलालाही कळेल." मलाही कळलं होतं. डोक्याला कळलं होतं, पायाला नाही.

कारण माझ्या उजव्या पायाला वेगळं शिकवलेलं होतं, तेही यांनीच. एका इंजिनाचं विमान पूर्ण जोर दिला की डावीकडे ओढतं. म्हणून उड्डाण करताना उजवा पाय दाबायचा, हा पहिला धडा. दीड वर्ष रोज सकाळी हेच सर शेजारी बसून "उजवा पाय! उजवा पाय कुठंय तुझा?" म्हणून ओरडत होते. मी तो इतका घोटला की रिक्षानं वेग घेतला तरी माझा उजवा पाय दबायचा. आणि आता अचानक म्हणतात, डावा. दीड वर्ष ज्या सवयीसाठी शिव्या खाल्ल्या, तीच सवय लागली म्हणून शिव्या खायच्या, याला काय म्हणावं!

वरती गेल्यावर सर हळूच एक तक्ता पुढे धरायचे, त्याच्या आडून एका इंजिनाचा दांडा मागे ओढून त्याचा जोर काढायचे. मला दिसू नये म्हणून. डावा दांडा ओढला की माझा उजवा पाय ताबडतोब दबायचा आणि सर खूश व्हायचे. उजवा ओढला की तोच उजवा पाय पुन्हा दबायचा. म्हणजे नाक आधीच उजवीकडे पळतंय आणि मी त्याला अजून उजवीकडे ढकलतेय. चिमण्या खिडकीतून सरकत जायच्या आणि सर दोन्ही दांडे मागे घेऊन विमान हातात घ्यायचे. एकदा विमानातून उतरल्यावर टोपी काढून म्हणाले, "आपण आत्ता खरंच मेलो असतो, कळतंय का तुला?" पुण्याच्या शुद्ध मराठीत इतकं थंडपणे कुणी मला पूर्वी बोललं नव्हतं.

मी खोलीत खुर्चीवर बसून सराव करायची. डोळे मिटायचे, तोंडानं "उजवं मेलं" म्हणायचं, डावा पाय भिंतीला दाबायचा. शंभर वेळा बरोबर. भिंतीवर पायाचा काळा ठसा उमटला म्हणून घरमालकीण बोलली, ते वेगळंच. वर गेले की पुन्हा उजवा. आता विमान कंपनीत दर सहा महिन्यांनी आम्हाला खोट्या विमानाच्या डब्यात बसवून हीच परीक्षा घेतात. माझा पाय आता चुकत नाही. पण सहकारी मजेत चहा पीत असतात तेव्हा मी आत जाण्याआधी बाथरूमच्या भिंतीला एकदा पाय दाबून येते. हसायचं असेल तर हसा.

एका रविवारी वैतागून घरी गेले. बाबा अंगणात बैलांच्या शिंगांना तेल लावत बसले होते. आमचे बाबा तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकायचे. झाडीपट्टीत अशा माणसाला धुरकरी म्हणतात आणि त्याचा मान गावच्या पाटलापेक्षा जास्त असतो. त्यांना विमानातलं काही कळत नाही आणि कळतं असा आवही ते आणत नाहीत. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, आणि मी चिडचिड करत सगळं सांगितलं. पाय, नाक, मेलेलं इंजिन, सगळं.

त्यांनी दुसरं शिंग चोळायला घेतलं. मग म्हणाले, "इंजनाचं मले समजत नाई. पण पटात जोडी पळून राह्यली अन् एक बैल ठेचाळून पडला, तं धुरकरी काय करते?"

"त्याले उठवते," मी म्हणाले.

"हॅट! त्याच्याकडे पाह्यलं का गेला. पडला तो पडला. जो पळून राह्यला त्याले पयले धरा लागते. नाई तं तो सगळ्यायले घेऊन फिरते." त्यांनी दोन्ही हात पुढे करून एक कासरा खेचल्यासारखं केलं. "तू पडल्याकडे पाहून राह्यली असशीन."

मी चिडून म्हणाले, विमान म्हणजे बैल नाही. ते म्हणाले, "हाव, बैल कसा राहीन," आणि पुन्हा तेल लावायला लागले. मला राग येण्याचं कारण असं की ते बरोबर होतं. दांडा मागे गेला की मी मेलेल्या इंजिनाचा विचार करायची. काय झालं त्याला, कुठलं मेलं, का मेलं? लक्ष सगळं मेल्याकडे आणि पाय सवयीचा. परतीच्या एसटीत मी फक्त एकच गोष्ट घोकत आले, पळणाऱ्याला धर. डावं पळतंय, डाव्या पायानं धर. उजवं पळतंय, उजव्यानं धर. सरांचा फळ्यावरचा नियम आणि बाबांचा नियम शेवटी एकच होता. पण एकात मेलेलं शोधायचं होतं आणि दुसऱ्यात जिवंत धरायचं होतं, आणि माझ्या पायाला हा दुसराच समजला.

मंगळवारी सरांनी तक्त्याआडून उजवा दांडा ओढला आणि डावा पाय गेला. पुन्हा ओढला, पुन्हा गेला. पाच वेळा. उतरल्यावर सरांनी स्वतः जाऊन चहा सांगितला. मी खोलीवर जाऊन जोरात रडले.

आता संपायला हवं होतं ना? पाय सुधारला, परीक्षकांना बोलवा, चाचणी द्या, मोकळे व्हा. पण नाही. दुसऱ्याच दिवशी जोडीच्या उजव्या इंजिनाचा एक भाग बदलायचा निघाला. तो भाग बाहेरून यायचा होता. आठवडाभर जोडी हँगरमध्ये एक बाजू उघडी टाकून उभी होती आणि मी तिच्याभोवती घिरट्या घालत होते. भाग आला, बसवला, इंजिन चालू झालं, मिस्त्री अंगठा वर करून हसला. आणि त्या दिवसापासून धूर आला.

मार्चमध्ये आमच्याकडे सगळं जंगल गळतं. सागाची, मोहाची वाळकी पानं घोट्याइतकी साचतात. मोहाची फुलं पहाटे पडतात, आणि त्या पाल्यात ती सापडत नाहीत. म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात. जमीन काळी, स्वच्छ होते, तिच्यावर पिवळसर फुलं लांबून दिसतात. जंगलखात्याची गाडी आग लावू नका म्हणून भोंग्यावर सांगत फिरते आणि गाडी पुढे गेली की मागे पुन्हा धूर निघतो. एका झाडाखालचा धूर म्हणजे काय, बोटभर. पण गावोगाव, झाडोझाड, मूल गावापासून गडचिरोलीपर्यंत रोज पहाटे, आणि वर वारा नाही. सकाळी सात वाजता हँगरच्या छपरावर चढून आम्ही चिमण्या दिसतात का ते बघायचो. वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या तर उड्डाण, नाही तर नाही. तो आमचा ठोकताळाच होता. त्या आठवड्यात एकही चिमणी दिसेना. दुधात राख कालवल्यासारखं आभाळ. दुपारी थोडं विरळ व्हायचं तेव्हा ऊन इतकं चढलेलं असायचं की जोडी हवेत वर-खाली आदळायची, त्या हवेत परीक्षक चाचणी घेत नसत.

परीक्षक दोनदा नागपूरहून आले आणि दोनदा हँगरमध्ये बसून पोहे खाऊन परत गेले. दुसऱ्यांदा जाताना ते म्हणाले, आता एकदाच येता येईल, शुक्रवारी, त्यानंतर मी महिनाभर नाही. माझी मुदत त्याच्या पुढच्या बुधवारी संपत होती. सबनीस सर म्हणाले, "बघू, हवा कुणाच्या हातात असते का?" मला वाटलं, असते. हवा कुणाच्या हातात आहे हे मला पक्कं माहीत होतं. तो धूर धावपट्टीच्या अगदी पलीकडच्या गावातून निघत होता.

मी गाडी काढली आणि त्या गावाला गेले. आज मागे वळून बघताना माझ्या त्या शहाणपणाची मला कीव येते. आमच्या घरी आई पाला जाळायची, आजी जाळायची. मी स्वतः काड्यापेटी घेऊन मागे धावले आहे. आणि मी पांढरा शर्ट घालून, खांद्यावर पट्ट्या लावून लोकांना सांगायला निघाले होते की जाळू नका.

गावाबाहेर तीन मोठे मोह होते आणि त्यांच्याखाली एक बाई पाला गोळा करत होती. साठीची, गोंदलेले हात, कंबरेला पदर घट्ट खोवलेला. मी "जोहार, बाई" म्हणाले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फारेस्टची होय का वं?"

"नाई. मी विमानाची."

"ते घुर्रर करत फिरते ते?" तिनं बोटानं आभाळात गोल काढला. "सकाऊनपासून डोक्यावर फिरते. कुठी जाते ते?"

"कुठीच नाई. फिरून तिथीच येते."

"मंग जाते कायले?"

मी थेट मुद्द्यावर आले. शुक्रवारी माझी परीक्षा आहे, धुरानं दिसत नाही, तीन-चार दिवस पाला जाळू नका, एवढं करा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिचं नाव गिरजाबाई, हे मला नंतर कळलं.

"मोह थांबते का तुयासाठी?" ती म्हणाली. "पंधरा-वीस दिवस पडते, मंग वर्षभर नाई. पहाटे पडलं ते सकाऊनच वेचा लागते, नाई तं ढोरं खातेत, हरणं खातेत. पाल्यात फूल दिसत नाई. तुले वरून दिसत नाई, मले खालून दिसत नाई. आता सांग, कोन थांबन?"

मी म्हणाले, मग झाडून घ्या ना. जाळायच्या ऐवजी झाडा.

"कोन झाडते? तू झाडते?"

"झाडते," मी म्हणाले. रागाच्या भरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी खराटा घेऊन तिथं हजर. तीन मोहांखालची जागा केवढी असते ते झाडल्याशिवाय समजत नाही. सागाची पानं पत्र्यासारखी वाजतात आणि खराट्याला दाद देत नाहीत, एक ओढावं तर दोन जागेवर. गिरजाबाई एका बाजूनं वेचत यायची आणि मागे वळून बघायची. "तिथी राह्यला," म्हणायची. "तिथी पन." तिसऱ्या झाडाखाली पोचेपर्यंत पहिल्याखाली नवी पानं पडलेली असायची. सूर्य वर आला की मी तशीच धावपट्टीवर जायची, छपरावर चढायची आणि चिमण्या शोधायची. एकही नाही. तीन झाडं झाडून काय होणार होतं? वैनगंगा नदीपर्यंतचं सगळं रान जळत होतं. मला ते माहीत होतं. तरी मी दुसऱ्या दिवशीही गेले. काहीच न करता छपरावर बसणं त्याहून वाईट होतं, दुसरं कारण नव्हतं. हाताला फोड आले. सबनीस सरांनी ते पाहिले आणि म्हणाले, "तू विमान चालवतेस की नांगर?" मी म्हणाले, खराटा. त्यांना विनोद वाटला.

गिरजाबाईनं मात्र शब्द पाळला. त्या तीन झाडांखाली तिनं आग लावली नाही. "पोट्टी झाडून राह्यली तं कायले जाळू," असं ती शेजारणीला सांगत होती, मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी भाकर आणली. मी खाताना ती म्हणाली, "पास होशीन तं काय भेटन तुले?" मी म्हणाले, "कागद." ती म्हणाली, "अन् नाई झाली तं?" मी म्हणाले, "तोच कागद पुन्हा पहिल्यापासून." ती खो खो हसली. मला मुळीच हसू येत नव्हतं.

गुरुवारी सकाळी धूर होता त्याहून दाट. सरांनी परीक्षकांना फोन केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, उद्या सकाळी येतायत, नाही दिसलं तर आल्या पावली जातील. दुपारभर मी हँगरच्या दारात बसून होते. चारच्या सुमाराला दक्षिणेकडून, राजुऱ्याच्या बाजूनं, ढग वर आला. मार्चमधला ढग. मी उठून उभी राहिले. देवाचं नाव मी एरवी परीक्षेतही घेत नाही. पण त्या दिवशी मोठ्यानं म्हणाले, "पड. पड ना. एकदा धुऊन काढ सगळं." मिस्त्री माझ्याकडे बघत होता. मी पुन्हा म्हणाले. दिवेलागणीला वारा सुटला आणि पाऊस हँगरच्या पत्र्यावर असा कोसळला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी टाळ्या वाजवल्या. पोरीसारख्या उड्या मारून टाळ्या वाजवल्या. हे लिहायला मला आवडत नाही, पण वाजवल्या.

शुक्रवारी छपरावर चढावंही लागलं नाही. जमिनीवरूनच सगळ्या चिमण्या दिसत होत्या, त्यांच्या अंगावरचे लाल-पांढरे पट्टेसुद्धा दिसत होते. हवा गार, स्थिर. परीक्षक आले आणि चढले. जोडी नुकती न्हाऊन निघालेली. आम्ही पूर्वेला वैनगंगेकडे निघालो. इतकं स्पष्ट मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. रस्ते, तळी, बांध्यांच्या कडा, सगळं कोरल्यासारखं. नदीची वाळू गडद, ओली. नदीपलीकडे गडचिरोलीचं रान, तेही ओलं, काळपट हिरवं, मधल्या बांध्यांतून पाणी चमकत होतं, थेट डोंगरांपर्यंत. मी बघतच राहिले, आणि तेवढ्यात परीक्षकांनी उजवा दांडा मागे ओढला.

डावा पाय गेला. मी काही विचार केला नाही, तो आपला गेला. नाक हललं नाही म्हटलं तरी चालेल. मग पुढचं सगळं क्रमानं, मेलेल्याची खात्री, त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला कडेनं, वेग, उंची. परत येऊन एका इंजिनावर उतरले. परीक्षकांनी पट्टा सोडला, "ठीक आहे," म्हणाले आणि कागदावर सही केली. सबनीस सरांनी माझ्या डोक्यावर टोपीनं हलकं मारलं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "झालं का एकदाचं? जेवली का?"

मी तशीच, युनिफॉर्मवर, गाडी काढून गिरजाबाईला सांगायला गेले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. तुमच्यामुळे वगैरे. झाडांजवळ पोचले आणि गाडीवरून उतरलेच नाही काही क्षण. आदल्या पहाटेची सगळी फुलं तिनं झाडाखालीच वाळत घातली होती, झाडलेल्या स्वच्छ जमिनीवर. मी झाडलेल्या. तिथं चिखल झाला होता आणि फुलं त्यात रुतून काळी पडली होती. रात्री पडलेली नवी फुलंही पाण्यानं फुगून पांढरी झाली होती. झाडावर उरलेला बहर वाऱ्यानं झोडपून निघाला होता. गिरजाबाई उकिडवी बसून चिखलातून एकेक फूल उचलत होती, पुसत होती, टोपलीत टाकत होती. ती वाळणार नाहीत हे तिलाही माहीत होतं.

"पास झाली?" तिनं मान वर न करता विचारलं.

"हाव."

"बरं झालं, बाई," ती म्हणाली. खरोखर मनापासून म्हणाली. मला त्या क्षणी कुणावर तरी ओरडायचं होतं. महिनाभर मी पायावर चिडले, सरांवर, परीक्षकांवर, धुरावर, हिच्यावर. आता चिडायला कुणी सापडेना. मी तिच्याशेजारी चिखलात बसले.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "माई पोरगी नदीच्या पल्याड देल्ली हाय. चामोर्शीकडे. तिच्याकडे आता कुठी मोह भरात आला व्हता. धा झाडं हायेत तिच्या घरचे. तेवढंच हाय तिले." फूल हातातच होतं. "तू वरून पाह्यलं असशीन. नदीच्या पल्याड पडला का पाऊस?"

पलीकडच्या बांध्यांत चमकणारं पाणी माझ्या डोळ्यांसमोर होतं. थेट डोंगरांपर्यंत.

"तिकडे धूर होता, बाई," मी म्हणाले. "दिसलं नाई."

गिरजाबाईनं मान वर करून आभाळाकडे पाहिलं. कुठंही धुराची रेघ नव्हती.

"असन," ती म्हणाली आणि टोपली आम्हा दोघींच्या मधे सरकवली.